पेमदेव राण्याचं दान

तळगव्हाण
२ जून १९७३

माणिक,

सप्रेम जयभीम.

तुझा गेवराईचा पत्ता बाजाराला येणाऱ्या तुमच्या सिदूकडून मिळाला. तुमची नऊ-दहा घरं नदीवर वाळू भरायच्या कामाला लागली, बाकीची अजून काम शोधतायत, असं तो सांगत होता. भिमावहिनींचा हात बरा झाला का? सुजेवर चुना-हळद लावून झाली असेल, तरी दवाखान्यात दाखव.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी शाळेत होतो. खिडकीतून गाड्या दिसत होत्या. मी चौथीला भागाकार शिकवत होतो आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. बाहेर यायला हवं होतं. तूही शाळेकडं वळला नाहीस. पस्तीस वर्षांत आपण गाव सोडताना एकमेकांना सांगितल्याशिवाय गेलो नव्हतो.

तिकडं तुमच्या पोरांत माझ्याबद्दल काहीबाही बोललं जातं म्हणे. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

तळ्याचा गाळ उपसायचं दुष्काळी काम निघालं आणि तुमच्याच बायकांच्या कुदळी त्या दगडाला लागल्या. पुरुषभर उंच, वर चंद्र-सूर्य, खाली दान मोडणाऱ्याला शाप म्हणून कोरतात ते गाढव. मला बोलवायला तूच आलास. किती हरखला होतास! 'आपल्या गावचा राजा सापडला बे,' म्हणालास. तेव्हा आपल्या दोघांच्याही मनात जमिनीचा विषय नव्हता.

विषय वाड्यावरच्या अर्जुनरावांनी काढला. तुमच्या सामुदायिक शेती सोसायटीची तळ्याखालची साठ एकर, तिची दहा वर्षांची मुदत संपलेली. ती वाढवून मिळणारच होती. तेवढ्यात मठाची हरकत गेली, की ही जमीन सरकारची गायरान नव्हेच, पूर्वापार मठाची आहे, आणि तळ्यातला दगडच त्याचा पुरावा आहे. तहसीलदारसाहेब पाहणीला आले. दगड वाचणार कोण, असं त्यांनी विचारलं. औरंगाबादहून जाणता माणूस आणू, असं अर्जुनराव म्हणाले. तेव्हा तूच म्हणालास, "कावून? आमचा निवृत्ती वाचतो की. त्यो वाचंल ते आमाला मान्य हाय."

मी वाचलं. पेमदेव नावाच्या राण्यानं शके अकराशे नव्वदमध्ये तळ्याखालची भूमी मठाला दिली. देवाच्या नैवेद्यासाठी आणि मठात शिकणाऱ्यांच्या जेवणासाठी. तेच दगडावर होतं. खालच्या ओळी झिजल्या होत्या. झिजलेलं मी कसं वाचणार?

साहेबांनी तेवढ्यावर निकाल दिला, यात माझा काय इलाज? सातशे वर्षांपूर्वीच्या राण्याच्या शब्दावर आज कुणाचं शेत जावं, हे मलाही पटलेलं नाही. पण विचारलं ते सांगणं माझं काम होतं.

इकडं पाऊस नाही. मृग कोरडाच जाणार असं दिसतं. तुमच्या वस्तीतली लिंबं तेवढी हिरवी आहेत.

दोन ओळी तरी लिही.

तुझा
निवृत्ती


तळगव्हाण
१९ नोव्हेंबर १९७४

माणिक,

सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड पोचलं. 'पत्र मिळालं, सर्व ठीक, माणिक.' दीड वर्षात चार शब्द. तरी मी ते शाळेच्या कपाटात जपून ठेवलं आहे.

पारूबाई गेल्याचं बाजारात कळलं. वाळूची दरड अंगावर आली आणि काढेपर्यंत उशीर झाला, असं ऐकलं. तिचा बबन आपल्या शाळेत दुसरीपर्यंत होता. पाढे गाऊन म्हणायचा. त्याला कुणी सांभाळलं? तूच ना? मी यायचं ठरवलं होतं. वडवणीच्या स्टँडपर्यंत आलोही. गेवराईकडची गाडी लागली आणि मी पाणी प्यायला गेलो, तो गाडी गेल्यावरच परत आलो.

इकडचं सांगतो. तळं या वर्षी सांडव्यावरून वाहिलं. तुमच्या साठ एकरांवर आता अर्जुनरावांची उपसा सिंचन सहकारी सोसायटी आहे. मठाकडून जमीन त्यांनी कसायला घेतली. ऊस लावलाय. ज्या तळ्याचा गाळ तुमच्या बायकांनी डोक्यावरून वाहिला, त्याचं पाणी रात्रंदिवस त्या उसात चाललंय. सोसायटीच्या उद्घाटनाला मला हार घातला. मी मठाच्या शाळेचा मुख्याध्यापक झालो, हे तुला कळलंच असेल.

पेमदेवावर मी एक लेख लिहिला, तो इकडच्या एका मासिकात छापून आला. या राण्याचं नाव कुठल्या बखरीत नाही, पोथीत नाही. बारा गावांचा धनी, एवढाच त्याचा पसारा. पण मठाशी त्याचं नातं मोठं विलक्षण दिसतं. मठ त्यानंच बांधला. वामदेवाचार्य त्याचे गुरू. दिव्याला तेल दिलं, गाई दिल्या, जमीन दिली. लेख वाचून एका प्राध्यापकाचं पत्र आलं, 'खालच्या ओळींचा ठसा पाठवाल का?' मी उत्तर दिलेलं नाही.

काही अक्षरं लागतात, माणिक. अगदीच झिजली होती असं नाही. उन्हात तिरकं पाहिलं की लागतात. तेव्हा घाई होती, साहेब उभे होते.

सिदू परवा सांगत होता की, तुमची पोरं माझं नाव निघालं की शिव्या देतात आणि तू त्यांना गप्प करतोस. म्हणतोस, "निवृत्तीनं हाय तेच वाचलं. दगडावरच तसं हाय." ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तू असं म्हणू नकोस. का म्हणू नकोस, ते या पत्रात लिहायचं होतं. लिहवत नाही.

वहिनींना नमस्कार.

निवृत्ती


तळगव्हाण
८ मे १९८६

माणिक,

सप्रेम जयभीम.

बारा वर्षांनी लिहितोय. तुम्ही सगळे आता औरंगाबादला, कारखान्याच्या मागच्या वस्तीत एका ठिकाणी राहता, तुमचा विहार झाला, हे कानावर येतं. बबन तेवढा गेवराईलाच राहिला, ट्रॅक्टर चालवतो.

इकडं पुन्हा दुष्काळ. तळं मागच्या दिवाळीतच आटलं. मठाधिपती आप्पा फाल्गुनात गेले. शेवटचे चार महिने मीच त्यांच्या उशाशी होतो. आता मला कुणाला विचारायचं नाही, कुणाला भ्यायचं नाही. म्हणून लिहितो.

खालच्या ओळी झिजलेल्या नव्हत्या. चारही ओळी स्वच्छ होत्या.

तहसीलदार यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी दगडावर ओला कागद थापून, कोळशाची पूड फिरवून ठसा घेतला. मठात बसून तो पुरा वाचला आणि आप्पांना ऐकवला. वरच्या सात ओळींत दान आहे, ते मी सांगितलं तसंच. पण आठवीपासून वेगळंच सुरू होतं. दुर्भिक्ष पडलं. तळं खणणारी माणसं अन्नावाचून मेली. तेव्हा पेमदेव राणा मठात गेला आणि स्वतः दिलेली ती भूमी त्यानं गुरूकडं परत मागितली. 'जे तळें खणिते, तेयांसि दीधली.' ज्यांनी तळं खणलं त्यांना, पिढ्यान्‌पिढ्या. वामदेवाचार्य साक्ष. जो कोणी काढून घेईल त्याला शाप.

तळं खणणारे कोण होते, हे तुला मी सांगायला नको. गावात माती कुणी उपसायची, हे सातशे वर्षांत बदललेलं नाही.

आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे आमच्याच आचार्यानं साक्ष घातली म्हण की."

"होय," मी म्हणालो.

"मोठा माणूस असला पायजे."

मला वाटलं, सुटलो. आता आप्पाच उद्या साहेबांना सांगतील. पण ते पाणी प्याले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "निवृत्ती, अर्जुनरावाला म्या शब्द दिलाय. मठाची पंगत बंद पडाय आलीय. तू मठाचं अन्न खाल्लंस, असं म्या म्हणणार न्हाई. ते तुजं तू मनाला इचार. म्या एवढंच म्हणतो, दगड लई जुना हाय. जुन्या दगडाच्या समद्या ओळी कुठं लागत्यात?"

तुला ठाऊक आहे, पटकीच्या साथीत माझे आई-बाप एका दिवशी गेले, तेव्हा मला मठात उचलून नेणारे आप्पाच होते. माझी मुंज नाही, बारसं नाही, जे काही झालं ते मठाच्या ओसरीवर. त्याच मठाच्या भिंतीवरून तुझ्या ओंजळीत भाकरी टाकायचे आणि मला पंगतीत वाढायचे, तेही मी रोज पाहिलं. तू भाकरी घेऊन पिंपळाखाली थांबायचास आणि मी जेवून आलो की आपण शाळेला जायचो. मला पंगतीतून उठून तुझ्याकडं यावंसं एकदाही वाटलं नाही, असं नाही. वाटायचं. पण पुढचं वाढप यायचं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मी सातव्या ओळीपर्यंत आलो. साहेबांनी विचारलं, "पुढं?" आप्पा माझ्याकडं बघत नव्हते. तू बघत होतास. मी म्हणालो, "पुढचं झिजलंय."

मला कुणी धमकावलं नाही, माणिक. मुख्याध्यापकी नंतरची, तेव्हा तिचं नावही निघालं नव्हतं. उपकार फेडतोय, असं मला वाटलं. ते तुमच्या जमिनीनं फेडले.

पेमदेवाचा मी फार विचार करतो. ज्याच्या पायावर डोकं ठेवलं, त्याच्यासमोर उभं राहून 'दिलेलं परत द्या' म्हणायला त्याला किती जड गेलं असेल. आणि त्या आचार्यानं दिलं. कुणास ठाऊक, मी दुसऱ्या दिवशी मोठ्यानं अकरा ओळी वाचल्या असत्या, तर आप्पांनीही मान डोलावली असती. मी त्यांनाही ती संधी दिली नाही.

दगड आता नाही. अर्जुनरावांच्या पंपघराच्या पायात फोडून घातला. पण ठसा माझ्या ट्रंकेत आहे. त्याची प्रत जोडून मी जिल्ह्याला अर्ज दिला आहे. खोटं वाचन केलं, हे माझ्या सहीनिशी लिहून दिलंय. तुमच्या शेती सोसायटीचा चेअरमन म्हणून तुला नोटीस येईल. सुनावणी ऑगस्टात बीडला.

यायचं की नाही ते तू ठरव. तू तेरा वर्षं माझ्या शब्दासाठी आपल्या माणसांशी भांडलास. तो शब्द खोटा होता.

निवृत्ती


तळगव्हाण
२१ फेब्रुवारी १९८७

भिमावहिनींना

सप्रेम जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. माणिक गेल्याचं त्याआधी सिदूकडून कळलं होतं. मी मातीला आलो नाही. मला पाहून तुमच्या लोकांना काय वाटलं असतं, याचा अंदाज नव्हता.

तुम्ही विचारलंत, बीडला काय झालं? तिथून आल्यापासून ते कुणाशी नीट बोललेच नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही विहारातल्या वर्गात वाचायला शिकलात, हे माणिकनंच मला सांगितलं, म्हणून अक्षर मोठं काढतोय. हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नका. एकट्या वाचा.

सुनावणी अर्ध्या तासात संपली. साहेब तरुण होते, चांगले होते. त्यांनी ठसा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "गुरुजी, मुदत कधीच उलटली. मूळ दगडही नाही. मी यात काय करू?" अर्ज निकाली काढला. माणिकला विचारलं, "तुमचं काही म्हणणं?" तो म्हणाला, "न्हाई."

आम्ही स्टँडवर आलो. औरंगाबादची गाडी तासाभरानं होती. त्यानं दोन चहा सांगितले. त्याचा श्वास तेव्हाच लागत होता. मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर त्यानं मला दंडाला धरून बाकावर बसवलं.

"ओळी अकरा व्हत्या," तो म्हणाला.

मला वाटलं, माझ्या पत्रातलं सांगतोय. म्हणालो, "होय, मी लिहिलं ना तुला."

"तुज्या पत्राच्या आधी. दगड तुज्या आधी म्या धुतला व्हता, निवृत्ती. बोटानं एकेक अक्षर मोकळं केलं. खालच्या चार ओळी वरच्यापरीस ठळक व्हत्या. मला ती जुनी अक्षरं लागत न्हाईत, पर झिजलेलं कोणतं अन् कोरलेलं कोणतं, ते हाताला कळतं."

वहिनी, मी चहा खाली ठेवला.

"मग बोलला का नाहीस?"

"अर्जुनरावाच्या अंगणात त्या दिशी चाळीस माणूस बसलं व्हतं. ध्येनात हाय का? अन् आमची पोरं तळ्याच्या भरावामागं कुऱ्हाडी घेऊन. आमची सोळा घरं. म्या 'ह्यो खोटं वाचतोय' म्हणलो असतो, तर सांजच्याला त्यातली किती उभी राह्यली असती? जमीन तर तशीबी जाणारच व्हती. माणसं तरी वाचवावी म्हणलं."

तो समोरच्या गाड्यांकडं बघत बोलत होता.

"तू एकदा खोटं बोललास. ते म्या तेरा वर्सं खरं करत बसलो. पोरं इचारायची, म्या म्हणायचो, दगडावरच तसं हाय. पारूबाई वाळूत गाडली गेली, तवा तिच्या बबनलाबी तेच सांगितलं. भिमीलाबी तेच. तुज्या चुकीला तुला अर्ज करता आला. म्या कुणाकडं अर्ज करू?"

मी विचारलं, "आता मी काय करू, माणिक?"

गाडी लागली होती. तो उठला. म्हणाला, "माज्याकडं आता काय न्हाई रं. बबनला जाऊन सांग. त्याची माय गेलीय."

तो गाडीत चढला. बसायला जागा नव्हती. दांड्याला धरून उभा राहिलेला दिसला, मग गर्दीत दिसला नाही.

वहिनी, मी लगेच गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत पाच महिने घालवले. माणिक गेल्याचं कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेवराईला गेलो. बबन नदीकाठी ट्रॅक्टरचं चाक काढत होता. आता चांगला बापई गडी झालाय, पारूबाईसारखा उंच. मी कोण हे सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला नाही.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अकरा ओळी, आप्पा, मी काय वाचलं, काय गिळलं. तुमची जमीन तुमचीच होती, तुझी आई नदीवर यायची गरज नव्हती, हेही सांगितलं. तो चाकाचे नट काढत राहिला. सगळे काढून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"माणिकमामाला ठावं व्हतं का?"

पोरकं झाल्यापासून त्याला माणिकनं वाढवलं. तुम्ही वाढवलंत. तुमच्या घरात त्याचं लग्न झालं. तो माझ्याकडं बघत होता आणि मला कळत होतं की, याला बाकीच्या सगळ्यापेक्षा एवढंच हवंय.

मी म्हणालो, "नाही. त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा माझ्यावर विश्वास होता."

बबननं मान खाली घातली आणि तो रडला. मग म्हणाला, "जा आता. हितं परत येऊ नका."

मी निघालो.

हे माझं दुसरं खोटं. पहिलं आप्पांसाठी बोलतोय असं वाटलं होतं, ते अर्जुनरावांच्या कामी आलं. म्हणून या दुसऱ्याचाही मला भरवसा नाही. माणिकनं काय सोसलं, ते त्याच्या माणसांना कळायला हवं, असं एकदा वाटतं. आणि कळलं तर बबनसारखी पोरं त्याला माफ करतील का, याची भीती वाटते. ठरवायचा हक्क मला नाही. खरं काय, ते आता फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे.

तुम्ही सांगायचं ठरवलंत, तर मी औरंगाबादला येऊन विहारात सगळ्यांसमोर माझ्या तोंडानं सांगेन. नको म्हणालात, तर हे पत्र चुलीत घाला आणि मला कार्डही पाठवू नका. मी समजून घेईन.

निवृत्ती